चाचा, गाडीचे दिवे अजून चालू आहेत

प्रिय चाचा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं चाचा. चिपळुणात ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडून गाडीचं वायरिंग करून घेतलंय, त्यांना हे पत्र कोणाला आहे ते लगेच कळेल. त्या दिवशी मी पैसे देऊन आभार मानेपर्यंत तुम्ही पुढच्या रिक्षात डोकं घातलं होतंत. तेव्हा आता चारचौघांसमोर आणि जरा सविस्तर.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना वेगळा सांगायला नको. आमची गाडी थोडी उंचावर उभी होती म्हणून बचावली. वाशिष्ठीचं पाणी सीटच्या खालीच थांबलं. गाळ काढला, कार्पेट वाळवलं, इंजिन चालू झालं, आम्ही म्हटलं सुटलो. दुखणं वर आलं ते पुढच्या पावसाळ्यात. ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटरही मिणमिणायचा. पार्किंग लाइट लावले की त्या बाजूचा दिवा जेमतेम दिसायचा. पुढचा उजवा हेडलाइट पिवळट. आणि टेललाइटचा फ्यूज तर आज टाकावा, परवा उडावा! तो उडाला की मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड, सगळं एकदम गुल. माझं माहेर कराडचं, त्यामुळे कुंभार्ली घाट काही चुकत नाही, आणि पावसाळ्यात त्या धुक्यात मागे दिवा नसलेली गाडी घेऊन जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगणार.

बल्ब बदलून झाले, होल्डर झाला, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच झाला. एकाने अख्खं वायरिंग नवं टाकायला सांगितलं. दुसरा म्हणाला, पुराची गाडी आहे, मिळेल त्या किमतीला काढून टाका. कुठेही गेलं तरी पुराचं नाव निघालं की पुढचं बघणं बंद. शिवाय प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर शेजारी उभ्या असलेल्या ह्यांना मिळायचं. गाडीतलं हॉर्न सोडून ह्यांना काहीही कळत नाही, हे त्या मंडळींना कोण सांगणार?

तुम्ही फ्यूजबॉक्स उघडलात आणि आधी चिडलात. लाल, दहा अँपिअरच्या फ्यूजच्या जागी कोणीतरी पिवळा, वीसचा खोचून ठेवला होता. आम्हाला पत्ताही नव्हता. "वायर दहाची आणि फ्यूज वीसचा, मग आधी जळणार कोण?" एवढंच बोललात आणि तो काढून खिशात टाकलात. कधी पेट घेतला असता तर कारण म्हणून पुन्हा पुराचंच नाव लागलं असतं.

मग मल्टिमीटर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी हेडलाइटच्या अर्थच्या, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीकडे परत नेणाऱ्या वायरवर, आणि दिवा चालू. मीटर जवळजवळ दीड व्होल्ट दाखवत होता. तिथे शून्याला टेकलेला आकडा हवा, हे तुम्ही मला सांगितलंत, ह्यांना नाही! बारातले दीड गेले तर काय एवढं, असं मला वाटलं होतं. पण हॅलोजनच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. बल्ब नवा असूनही उजेड म्हाताऱ्यासारखा का, ते तेव्हा कळलं. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थचा बोल्ट तुम्ही खोललात. थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, गाळाचा वाळलेला थर आणि हिरवट गंज. वायरचं आवरण सोललं तर आतलं तांबं काळं. आतून पाणी चढलेलं असतं, म्हणालात, आणि लालसर, चकचकीत तांबं दिसेपर्यंत ती मागे मागे कापत गेलात. पॉलिश पेपरने पत्रा घासला, नवं थिंबल लावलं, बोल्ट आवळून वरून ग्रीस फासलं. हेडलाइट पांढरा झाला.

मागच्या दिव्याचंही तेच निघालं. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला बॉडीतून परतायची वाट मिळत नव्हती, म्हणून तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बात उलटा शिरून पुढच्या इंडिकेटरच्या अर्थवरून घरी जात होता. हे तुम्ही धुळीत बोटाने काढून दाखवलंत. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, तरी फळ्यावर मला इतकं स्वच्छ समजावता आलेलं नाही.

इथवर पुराचं. फ्यूजचं प्रकरण मात्र उरलंच होतं. तिथे तुम्ही जो प्रश्न विचारलात तो आधी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता: फ्यूज उडतो त्याच्या आधी तुम्ही काय करत असता? आठवून आठवून आम्ही सांगितलं, संध्याकाळी बाजार करून निघालो की बऱ्याचदा उडतो. तुम्ही हसलात. मागचे बल्ब काढून ठेवलेत, फ्यूजच्या जागी दोन वायरींनी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडलात आणि पार्किंग लाइटचा स्विच चालू केलात. बल्ब मंद जळत होता, डॅशबोर्डच्या दिव्यांपुरता. मग तुम्ही मागे गेलात आणि डिकी वर उचललीत. बल्ब लख्ख! खाली घेतलीत, पुन्हा मंद. एकही फ्यूज न जाळता शॉर्ट सापडला होता.

डिकीच्या बिजागरीपाशी वायरींवर रबरी बूट, म्हणजे नळीसारखं आवरण असतं, ते तुम्ही मागे सारलंत. आत एका वायरचं आवरण फाटून तांबं उघडं पडलेलं, पत्र्याच्या कडेला घासून काळं झालेलं. दुसरी आतून तुटलेली, नुसत्या आवरणावर लोंबत होती. डिकी उघडमीट करताना वायरी रोज त्याच जागी दुमडतात, हॅचबॅकमध्ये हे होतंच, म्हणालात. म्हणजे या दोषाचा पुराशी काडीचा संबंध नव्हता! मला सगळ्यात जास्त आभार याचेच मानायचे आहेत. दोन दोष एकमेकांत मिसळलेले असताना तुम्ही ते सोडवून वेगळे केलेत.

जोड देतानाही घाई नाही. बुटाच्या आत डाख दिला तर वायर तिथे कडक होते आणि जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटते, म्हणून बारीक तारांची नरम वायर थोडी सैल, बुटातून आरपार घेतलीत आणि दोन्हीकडचे जोड बाहेर, जिथे काही हलत नाही तिथे दिलेत. वर टेप गुंडाळली नाहीत, तापवल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवून लायटरने आवळलीत. शेवटी दहाचा लाल फ्यूज टाकलात आणि ह्यांना डिकी दहा-बारा वेळा उघडमीट करायला लावलीत. तेवढं काम त्यांना छान जमलं. एवढं करून पैसे घेतलेत ते त्या नव्या स्विचच्या किमतीच्या निम्मेही नाहीत.

त्यानंतर दोन पावसाळे गेले, फ्यूज तोच आहे. ड्रायव्हरच्या दरवाजाचा बूटही पावसाच्या आधी एकदा बघून घ्या, असं म्हणाला होतात. शाळेला सुट्टी लागली की मेमध्ये गाडी घेऊन येते. त्याआधी आमच्या इमारतीतले एकजण येतील, त्यांच्याही डिकीचं असंच चाललंय आणि त्यांनाही अख्खं वायरिंग बदलायला सांगितलंय. ते भाव पाडून मागतील. ऐकू नका.

तुमची,
घाटातून कराडला जाणारी बाई