गाडीची वायर मी आल्यावरच जोडा

मुलुंड, 17 मार्च 2024

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर सांगायचा धीर होत नव्हता म्हणून लिहितेय. तुमचं बिटकॉइन मी गेल्या आठवड्यात विकलं. सगळं. तुम्हाला विचारलं असतं तर "थांब जरा" म्हणाला असतात, आणि मी थांबले असते.

नोव्हेंबर 2021 मध्ये तुम्ही 2 लाखांचा चेक दिलात. म्हणालात, तुला कळतं त्यातलं. मला कळत नव्हतं, बाबा. भाव 69 हजार डॉलरला टेकला होता, तेव्हाच मी घेतलं. वर्षभरात तो 16 हजार डॉलरच्या खाली आला आणि तुमच्या 2 लाखांचे जेमतेम 50-55 हजार उरले. तुम्ही विचारायचात, मी "चाललंय ठीक" म्हणायचे. ते खोटं होतं. आईला बहुतेक कळलं होतं. त्या दिवाळीत तिने पैशांचा विषयच काढला नाही.

आता भाव चढला, वर 38 हजार सुटले. त्यावर 30 टक्के कर आणि सेस; 1 टक्का टीडीएस कापलाय तो त्यातच वळता होईल. एवढं सगळं होऊन हाती आलं ते बँकेतल्या ठेवीनेही जवळपास दिलंच असतं.

शेजारचे काका म्हणतात, बिटकॉइनची नाणी 2.1 कोटींच्या वर निघणारच नाहीत, म्हणून भाव चढतच राहणार. नाण्यांचं खरं आहे. पण त्याला व्याज नाही, भाडं नाही, लाभांश नाही. पुढचा घेणारा देईल तेवढीच किंमत. माझं बुडालं तर पगारातून भरून काढीन. तुमच्या ग्रॅच्युइटीचं कोण भरणार?

ते पैसे आईच्या नावाने पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकायचं मी ठरवलंय. 8.2 टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज. तुमच्यावर भरवसा नाही असं मनातसुद्धा आणू नका. तिच्या नावावर आजवर एकही ठेव नाही, म्हणून.

पायाची सूज उतरली का? रात्री त्या गोळ्या आणणाऱ्या छोट्या यंत्रगाडीला अडखळलात हे मला आईने सांगितलं, तुम्ही नाही. चूक गाडीची नाही. पुढचा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. खाटेवरून लोंबणारी गोधडी तो आवाज पिऊन टाकते. गाडीला वाटतं पुढे मोकळं आहे. ती घुसते, चाकं गुंततात, अर्धी गाडी वाटेत राहते. आता पुढे पत्र्याची पट्टी आणि तिच्यामागे दोन मायक्रोस्विच लावू, टेकलं की मोटर बंद. कोपऱ्यांना आयआर, म्हणजे अवरक्त किरणांचे सेन्सर. पण तुमच्या काळ्या चपला आयआरला धड दिसणार नाहीत, म्हणून स्विच हवेतच. आईची गोळ्यांची डबी घेऊन ती येते तेव्हा आई "आली गं बाई" म्हणते ना, ते बंद व्हायला नको.

सामान आणायला काल लॅमिंग्टन रोडला गेले होते. लहानपणी तुम्ही रेडिओचे कंडेन्सर माझ्या तळहातावर ठेवायचात आणि म्हणायचात, मूठ घट्ट धर. घरी पोचेपर्यंत मूठ घामाने ओली व्हायची. काल दुकानदाराने स्विच हातावर ठेवले आणि माझी मूठ आपोआप मिटली. तशीच तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि परत फिरले. वर यायचं धाडस झालं नाही.

आता ऐका. गाडीचा नवा बोर्ड 3.3 व्होल्टचा आहे आणि सेन्सरची इको पिन, म्हणजे आवाज परत आल्याचं कळवणारी, 5 व्होल्ट देते, मध्ये रेझिस्टर लावल्याशिवाय जोडायची नाही. मी येईपर्यंत हातच लावू नका. लिथियमचे सेल गादीवर ठेवून चार्ज करायचे नाहीत, रात्रभर तर नाहीच. झोपताना गाडी कपाटावर. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, काकांनाही नाही. आई, पॅन, आधार आणि दोन फोटो काढून ठेव. मंगळवारी सुट्टी घेतलीय, पोस्टात आपण दोघी जाऊ.

रविवारी होळीला येतेच आहे. पुरण मी वाटीन, तू गुडघे धरून उभी राहू नकोस. बाबा, रागावला असाल तर रागवा, पण माझा फोन उचला.

तुमची,
मनू