दशांश चिन्हानंतरचं माझं मत

ताकामात्सु, जपान,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंद्या,

सात महिने पत्र नाही, फोनवरही "नंतर बोलतो" एवढंच. रागव, पण शेवटपर्यंत वाच. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून धरते. काल निकाल बघत बसलो होतो आणि तुझा शाईच्या बोटाचा जुना फोटो पुन्हा समोर आला. मग राहवेना. महिनाभर जे कुणाला सांगितलं नाही ते तुलाच सांगतो. त्या सोळा मतांच्या रात्री मोजणीच्या टेबलावर माझ्या शेजारी तूच होतास.

२७ ऑक्टोबरला मी इथं पहिल्यांदा मत दिलं. आणि ते नीट दिलं नाही.

इथं मशीन नाही, शिक्का नाही, चिन्ह नाही. आडोशात पेन्सिल ठेवलेली असते. एका कागदावर उमेदवाराचं नाव लिहायचं, दुसऱ्यावर पक्षाचं, स्वतःच्या हातानं. (तिसऱ्यावर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, नको त्याच्यापुढे फुली. फुली नसली की पसंती धरतात. यावर तू भांडशील, पण आत्ता नको.) दुसऱ्या कागदावर मला 'रिक्केन मिन्शुतो' लिहायचं होतं. त्यातलं 'केन' म्हणजे राज्यघटनेतलं अक्षर, सोळा रेघांचं. ऑफिसात ते कीबोर्ड काढून देतो, हाताला वळणच राहिलेलं नाही. समोर यादी लावलेली होती, बघून उतरवता आलं असतं. सोप्या हिरागाना लिपीत लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मागे रांग, हात थरथरत होता, आणि यादीत नावाशेजारी संक्षेप दिसला : 'मिन्शुतो'. तेवढंच लिहिलं, कागद पेटीत टाकला.

घरी येऊन यादी पुन्हा बघितली. कोकुमिन मिन्शुतो हा दुसरा पक्ष आहे ना, त्याचाही संक्षेप 'मिन्शुतो'च! दोघांची मुळं 'मिन्शुतो' नावाच्या एकाच जुन्या पक्षात, नाव कुणी सोडायला तयार नाही. आपल्याकडे आयोगानं नाव आणि धनुष्यबाण एका गटाला देऊन टाकले, इथं दोघांनाही तेच नाव लावू दिलं. मग नुसतं 'मिन्शुतो' लिहिलेल्या मतांचं काय करतात? त्या मोजणी केंद्रावर दोन्ही पक्षांना स्पष्ट पडलेली मतं ज्या प्रमाणात, त्या प्रमाणात वाटून टाकतात. म्हणून इथल्या निकालात मतांना दशांश चिन्ह असतं. मंद्या, माझं मत त्या चिन्हानंतर कुठेतरी आहे.

दुसऱ्या पक्षाला थोडंच गेलं असेल, असं म्हणू नकोस. कोकुमिनचे अध्यक्ष तामाकी इथलेच, कागावा २ मतदारसंघातले. त्यांना इथं भरपूर मतं पडतात.

आणि जागा किती? शिकोकू विभाग म्हणजे चार प्रांत, प्रमाणशीर पद्धतीच्या, म्हणजे पक्षांच्या मतांवर वाटल्या जाणाऱ्या, जागा सहा. प्रत्येक पक्षाची मतं एकानं, दोनानं, तिनानं भागत जायची आणि सर्वांत मोठे सहा आकडे घ्यायचे. सहा जागांत सातव्या हिश्शाहून जास्त मतं असतील तरच जागा पक्की. टोकियोत एकोणीस जागा, तिथं विसाव्या हिश्शाहून जास्त पुरे. छोट्या विभागात प्रत्येक तुकड्याला वजन असतं, हे २०१४ साली मीच तुला ऐकवलं होतं. बसपाला देशभरात चार टक्क्यांवर मतं आणि लोकसभेत शून्य, आठवतं? तू म्हणालास, एक मतदारसंघ, एक माणूस, त्याची कॉलर धरता येते. आपण तीन आठवडे बोललो नव्हतो.

तुझा दुसरा मुद्दा होता मागच्या दाराचा. इथं मतदारसंघात पडलेला माणूस आपल्या पक्षाच्या उमेदवार यादीतून आत येतो. जिंकणाऱ्याला लाख आणि त्याला पंचाण्णव हजार, तर पंचाण्णव टक्के. यादीत एकाच पायरीवरच्यांत ज्याचा टक्का मोठा तो आधी. लोक अशांना 'झोंबी' म्हणतात. पण आमच्या कागावा १ चे ओगावा बघ. २००५, २०१२, २०१४, २०१७, चार वेळा पडून ते शिकोकूच्या यादीतून संसदेत गेले. २०२१ ला त्यांनी सत्ताधारी पक्षाच्या हिराईंना पाडलं, आणि हिराई आपल्या पक्षाच्या यादीच्या दारानं आत आले. इतकी वर्षं ज्यांनी ओगावांना मत दिलं त्यांचं मत वाया गेलं नाही. मला हे पटतं, अजूनही पटतं. भांड हवं तर.

त्या रात्री सत्ताधारी आघाडी २१५ वर थांबली, बहुमताला २३३ लागतात. आनंद झाला, पण जेवण गेलं नाही. आजी आठवली. शाळेची पायरी न चढलेली बाई. चित्र बघून शिक्का मारायची, तिचं मत अख्खं जायचं. मी भारताचा पासपोर्ट परत केला तो या एका कागदासाठी. सोळा वर्षं इथं कर भरला आणि दर निवडणुकीला खिडकीतून प्रचाराच्या गाड्या बघितल्या.

मतपत्रिका इथं प्लॅस्टिकसारखी असते, घडी घातली तरी पेटीत आपोआप उलगडते. तू मोजणीला बोटाला थुंकी लावायचास ना, इथं तुझं काही चाललं नसतं. माझाही कागद उलगडून कुणाच्या तरी हातात आला असेल आणि त्यानं तो वेगळ्या गठ्ठ्यात ठेवला असेल. तुझ्या टेबलावर आला असता तर तू काय केलं असतंस? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

वहिनींची बदली झाली का? चिन्मयची बारावी यंदाच ना? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नका. या खेपेच्या इलेक्शन ड्युटीत तुला कुठलं केंद्र आलं, जेवणाची सोय होती का, तेही लिही.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या सभागृहाची निवडणूक आहे. रोज जेवण झालं की मुलीच्या चौकटीच्या वहीत 'केन' लिहितो. ती शेजारी बसून रेघा मोजते आणि चुकलो की खोडरबर पुढे करते.

तुझा,
नंदू