बाकी विचारा, पण भाषा सांगून

संपादक महोदय,

कॅम्पस मुलाखतींचा मोसम आला की सरावाच्या प्रश्नसंचांत एक प्रश्न हमखास असतो: −७ % ३ किती? (प्रोग्रॅममध्ये % म्हणजे टक्के नव्हे, भागून उरलेली बाकी.) खाली चार पर्याय, प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा मात्र पत्ता नाही. हा प्रश्नच अर्धवट आहे. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये उत्तर −१, पायथन आणि रुबीमध्ये २. दोन्ही बरोबर.

शाळेतला नियम सगळ्याच पाळतात: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. −७ ला ३ ने भागले की −२.३३ येतात. याचा पूर्णांक करताना कुणीकडे वळायचे, एवढाच मतभेद. सी शून्याकडे वळते: भागाकार −२, म्हणून बाकी −१. पायथन खालच्या पूर्णांकावर उतरते: भागाकार −३, बाकी २. त्यामुळे सीमध्ये बाकीला भाज्याचे चिन्ह लागते, पायथनमध्ये भाजकाचे. सीमध्ये हे पक्के झाले तेही सी९९ या अधिकृत नियमावलीत. त्याआधीच्या १९८९ च्या नियमावलीत ऋण संख्यांचा निर्णय कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडला होता. एक्सेलची तर गंमतच आहे: शीटमधले मॉड हे सूत्र २ देते आणि त्याच फाइलच्या मॅक्रोमधला (फाइलला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधला) मॉड −१.

शून्याकडे वळण्याने काय बिघडते ते आपल्या नागपुरातल्या झिरो माइल स्तंभावरून पाहा. कामठी रोडकडचे अंतर अधिक, वर्धा रोडकडचे उणे धरा आणि पूर्ण किलोमीटरला ३ ने भागून टप्पे पाडा. सीमध्ये −२, −१, ०, १, २ हे पाचही आकडे टप्पा ० मध्ये जमा होतात, इतर प्रत्येक टप्प्यात तीनच. डिलिव्हरीचे झोन पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मधला झोन असा फुगतो आणि चाचणीत फक्त अधिक आकडे घातले असतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

वारांचे तसेच. सोमवार ०, मंगळवार १ धरून मंगळवारच्या पाच दिवस आधीचा वार काढायला (१ − ५) % ७ लिहिले, तर पायथन ३ म्हणजे गुरुवार देते. जावा −४ देते, तो अ‍ॅरेचा इंडेक्स (यादीतल्या जागेचा क्रमांक) म्हणून वापरला की प्रोग्रॅम एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, देऊन थांबतो. सीमध्ये थांबेलच याची खात्री नाही, भलतीच मेमरी वाचली जाते. ते जास्त वाईट. उपाय सोपा: भाजक धन असेल तर बाकी काढा आणि ती ऋण आली तर तिच्यात भाजक मिळवा. त्यासाठी जावा ८ पासून मॅथ क्लासमध्ये फ्लोअरमॉड हे फंक्शन तयारच आहे, रस्ट या भाषेत रेम_युक्लिड. विषम संख्या ओळखायला मात्र n % २ == १ (बाकी १ आहे का) कधीच लिहू नका. सी-जावामध्ये −७ ची बाकी −१ येते आणि ७ उणे झाला की तो विषम राहत नाही! != ० (बाकी शून्य नाही ना) लिहा.

सीमध्ये तिसरे उत्तरही दडलेले आहे. भाजक अनसाइन्ड (उणे चिन्ह न ठेवणारा प्रकार) असला तर ३२ बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, −७ चे आधी ४२९४९६७२८९ होते, आणि त्याला ३ ने भागले की बाकी शून्य. एखादी गोष्ट मेमरीत किती बाइट घेते ते सांगणाऱ्या साइझऑफची किंमत अनसाइन्डच असते, त्यामुळे तिने भागणाऱ्यांना हा फटका नकळत बसतो.

प्रश्नसंच काढणाऱ्यांना विनंती: ऋण संख्या घालायची तर प्रश्नात भाषा छापा. आणि एकच जोडी न देता चारही द्या: ७ व ३, −७ व ३, ७ व −३, −७ व −३. पहिल्या आणि शेवटच्या जोडीला सी आणि पायथनचे उत्तर एकच येते, १ आणि −१. मधल्या दोन जोड्यांत सी −१ आणि १ देते, पायथन २ आणि −२.

— संगणकशास्त्राची एक अध्यापिका, धरमपेठ, नागपूर