चि. रेवास

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास. आवाज माझाही चढला होता. आई दोघांची बाजू घेत बसली, म्हणजे कुणाचीच नाही.

तू लॅबमध्ये पेशी गोठवायला वापरतेस त्या द्रव नायट्रोजनचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तू पाठवलेला फोटो पाहिला. फ्लास्कमधलं मीडियम, म्हणजे पेशी वाढतात ते द्रव, मस्त गुलाबी दिसतंय. ते पिवळं पडलं की पेशींनी आम्ल सोडलंय, आता बदलायला हवं, हे तूच शिकवलंस. तुमच्या मॅडम म्हणाल्या, हिच्या फ्लास्कला बुरशी लागत नाही. मी ते शेजारी दोनदा सांगितलं. पूर्वी खोक्यात रेशमाचे किडे पाळले होतेस, त्यांच्या पाल्यापायी मामाच्या लग्नालाही यायला तयार नव्हतीस. आता रविवारी पेशी बघायला जातेस, त्याचं मला नवल वाटत नाही.

पण रविवारी तिथे दुसरं कोणी नसतं ना? आणि त्या नायट्रोजनच्या खोलीतला, ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा अलार्म बंद आहे, हे तूच बोलता बोलता सांगितलंस.

बघ, आलाच विषय. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. वास नाही, रंग नाही. आणि जीव गुदमरतही नाही, कारण गुदमर जाणवतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यावर, आणि तो तर आपण बाहेर टाकतच असतो. माणूस सरळ कोसळतो. ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणालीस. दादाही टाकीत पाच मिनिटांसाठीच उतरला होता, पडलेल्याला काढायला. तुझी काकू अजून त्या रस्त्यानं जात नाही.

जाऊ दे. मी तुला शिकवायला लागलो, माफ कर. हातमोजे, फेस शील्ड, शून्याखाली १९६ अंश, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पेशी गोठवायच्या कुपीत, तुमच्या वायलमध्ये, द्रव शिरला असेल तर ती वितळवताना फुटते, हेही तुझ्याकडूनच कळलं. शील्ड मात्र घालत जा.

परवा हेला पेशींबद्दल वाचलं, प्रयोगशाळेत वाढतच राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांना न विचारताच त्यांच्या गाठीचा तुकडा घेतला. तो बारीक कापून नळ्यांमध्ये ठेवला मेरी कुबिसेक नावाच्या सहायिकेनं. नाव झालं प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. गे यांचं. रात्री आईला म्हटलं, हे काम आपली रेवा करते. ती म्हणाली, मग एवढे ओरडता कशाला?

ओरडतो कारण तू एकटी जातेस.

मायकोप्लाझ्माच्या, म्हणजे पेशींना लागणाऱ्या त्या सूक्ष्म जंतूंच्या, चाचणीचं काय झालं ते कळव. आणि अलार्मची तक्रार लेखी दे, तोंडी नको. पोच घे. मसुदा हवा असेल तर मी करून पाठवतो.

तुझा,
बाबा