भाकरी केवढी, ते आधी बघ

मंगळवेढा, जि. सोलापूर

प्रिय सुरेखा,

तुझं पत्र पोचलं. खेड्यातल्या लोकांना आहाराचा सल्ला फोनवरूनच दिला तर नाही का चालणार, असं विचारतेस. पुढची विचारपूस फोनवर चालते गं. पण पहिली भेट चुलीपाशीच व्हायला हवी.

आता ज्वारीचंच घे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिचा तोरा विचारू नकोस! साखरेच्या पेशंटला शहरातून सांगून धाडतात, 'भात बंद, भाकरी खा.' मग गडी निर्धास्त होऊन एका बैठकीला तीन भाकऱ्या हाणतो. इथली भाकरी ताटभर. मी काटा घेऊन बसते, तर एकीला 80 ते 100 ग्रॅम पीठ सहज लागतं. 100 ग्रॅम ज्वारीत पिष्टमय भाग, म्हणजे पोटात जाऊन ज्याची साखर होते तो, जवळपास 70 ग्रॅम. पांढऱ्या तांदळापेक्षा चोथा जास्त, हे खरं, पण शेवटी धान्यच ना ते! फोनवर विचारलं की उत्तर येतं, 'दोनच खातो, बाई.' केवढ्या, ते कसं कळणार?

भाकरी सोडा असं मी कुणालाच म्हणत नाही. इथे ते म्हणणारीला दुसऱ्यांदा कुणी चहाही विचारणार नाही. एक कमी करा, त्या जागी मटकीची उसळ वाढून घ्या, एवढंच. थंडीत रानात पातरीची भाजी असते, हरभऱ्याचा पाला असतो, तो फुकटचा. हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पेज, म्हाताऱ्यांना अजून आठवतं. पोरांना बिस्किटाचा पुडा लागतो. शेंगाचटणीवर मात्र माझं रोज भांडण. दिवसाचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे छोटा चमचाभर. इथे चटणी, पापड, खारातली मिरची मोजायच्या आधीच तेवढं आमटीत पडलेलं असतं.

खरी पंचाईत बायकांची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आशाताई लोहाच्या गोळ्या घरपोच देतात. पण गोळी घेतली की लगेच चहा, आणि चहानं लोह अंगी लागत नाही. मध्ये तासभर जाऊ दे, जेवणात लिंबू पिळ, एवढं सांगितलं तर सुना ऐकतात. पण सून जेवते सगळ्यांच्या मागून. तोवर डाळ संपलेली, नुसतं आमटीचं पाणी. वाढणं सासूच्या हातात, म्हणून अंगणवाडीतल्या पोषण दिवसाला मी सासवांनाच पुढं बसवते. 'नातू धडधाकट हवा ना?' म्हटलं की सुनेच्या ताटात डाळ पडते. सुनेसाठी म्हणून पडत नाही, याचा संताप येतो मला, पण काम होतं.

आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, आहारतज्ज्ञाला खुर्ची नाही. मी आपली फिरतीवर. मागं सगळं आशाताई आणि अंगणवाडीताईंवर, आणि त्यांच्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग.

तुझ्याकडून एकच हवंय. तुमच्या दवाखान्यातून सोलापूरकडचा पेशंट घरी सोडताना जो आहाराचा कागद देता, त्यातलं ओट्स आणि ब्रोकोली काढ. भाकरी लिही, मटकी लिही, आणि ग्रॅमच्या शेजारी भाकरीचा आकार पेन्सिलीनं काढून दे. मसुदा आधी मला पाठव, आशाताईंना दाखवून परत धाडते.

तुझी,
शैला