फॉरमॅट मारायच्या आधी डिस्क तरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून पेपरात जुना कॉम्प्युटर द्या नवा घ्या अशा जाहिराती दिसतायत, आमच्या घरचा २०१४ सालचा डेस्कटॉप त्यात जाता जाता राहिला म्हणून हे लिहितोय. आय-थ्री प्रोसेसर, चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मी सोसायटीचा खजिनदार, मेंटेनन्सचा सगळा हिशोब एक्सेलमध्ये. वर्षभर अशी अवस्था की एक्सेलवर डबल क्लिक करायचं आणि चहा टाकायला उठायचं, चहा उकळून गाळून कपात आला तरी स्क्रीनवर ते निळं चक्र फिरतंच आहे. बायको म्हणाली तुमच्याबरोबर यालाही रिटायर करा.

जवळच्या रिपेअरवाल्याकडे दोनदा नेला. दोन्ही वेळा "काका, फाइली फार झाल्यात, फॉरमॅट मारतो" (म्हणजे विंडोज असलेला भाग पुसून ते नव्याने टाकायचं), पाचशे रुपये. फॉरमॅट मारला की आठ-दहा दिवस बरा चालायचा म्हणून आपल्यालाही वाटतं काम झालं. बारशाचे, मुंजीचे फोटो डी ड्राइव्हला होते म्हणून वाचले, त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणे मदरबोर्ड जुना झालाय, पार्ट मिळत नाहीत, नवाच घ्या.

भाऊबीजेला ताईबरोबर भाची आली. तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरच्या कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला आणि म्हणाली मामा हे बघ. सीपीयू ८ टक्के, म्हणजे प्रोसेसर निवांत बसलाय, आणि डिस्क १०० टक्के, लाल. परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक केलं तर रिस्पॉन्स टाइम, म्हणजे डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ, २००० मिलिसेकंदच्या वर, चांगल्या हार्ड डिस्कला तो १०-२० च्या आसपास असतो म्हणे. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात पिवळ्या रंगात कॉशन, पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा, वाढलेले. म्हणजे डिस्कच मरायला टेकलेली. कॅबिनेटला कान लावला तर आतून कट-कट आवाज येत होता, आणि तो आवाज मी वर्षभर पंख्याचा समजत होतो!

तिने समजावलं ते असं की हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक सुई पुढे-मागे पळते, एक अॅप्लिकेशन उघडायचं तरी शेकडो बारीक फाइली ठिकठिकाणहून गोळा कराव्या लागतात, दर वेळी सुई हलायला १०-१५ मिलिसेकंद, आणि जिथे सेक्टर खराब तिथे तीच जागा पुन्हापुन्हा वाचत अडकून बसते. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाहीच. मग त्या जुन्या डिस्कवर कितीही वेळा फॉरमॅट मारा, उपयोग काय?

आधी फोटो आणि हिशोब बाहेर काढले, मरतुकड्या डिस्कवरनं कॉपी व्हायला सात तास लागले. मग अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच वायरला लागणारी) एसएसडी आणली (दुकानात नुसतं एसएसडी मागू नका, ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी नवी येते ती या बोर्डात बसत नाही), २४० जीबी, दोन हजारांच्या आत. सेकंडहँड ४ जीबी रॅम सातशेला. विंडोजचं लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं म्हणून नवीन डिस्कवर ते आपोआप अॅक्टिव्हेट झालं, रिपेअरवाला त्याचे वेगळे पैसे सांगत होता. डिस्क बदलायच्या आधी स्टार्टअपची (कॉम्प्युटर चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरची) यादी काढली होती तर त्यात आमच्याकडे आता नसलेल्या प्रिंटरचा मदतनीससुद्धा रोज सकाळी हजर! तो पुन्हा टाकलाच नाही, पूर्वी एकावर एक दोन अँटीव्हायरस होते तिथे आता एकच ठेवला. आता एक्सेल आठ-दहा सेकंदांत उघडतं.

नवा झाला असं मी म्हणत नाही. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले की अजून धापा टाकतो. विंडोज ११ यावर रीतसर चढत नाही, त्याला आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नोंदणी केली की सिक्युरिटी अपडेट त्यापुढे वर्षभर, ऑक्टोबर २०२६पर्यंत, मिळायची सोय होती, ती नोंदणी भाचीने करून दिली. बँकेचं काम मात्र मी त्यावर करत नाही.

माझं म्हणणं एवढंच की रिपेअरवाल्यांनी बिलावर काय तपासलं आणि काय सापडलं ते लिहावं. डिस्क तपासायला भाचीला पाच मिनिटं लागली. माझ्याकडे दोन्ही बिलं फाइलला लावलेली आहेत, दोन्हींवर एकच ओळ: पीसी सर्व्हिस, ५००.

आपला,
एक वाचक, चिंचवड