लिफ्ट बंद झाली तर

मालवण, सोमवार

चि. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या ग्रीसच्या बोटीच्या सहलीचं बोलणं निघालं, आणि "मला उचलायला कुणी लागत नाही, बाबा" असं म्हणून तू फोन ठेवलास. फोनवर आपलं दोघांचं जमत नाही, म्हणून लिहायला बसलो. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. पैसे तुझे, रजा तुझी, मैत्रिणी तुझ्या, आणि ग्रीस बघायचं तर तू कॉलेजात असल्यापासून म्हणतेयस. तेव्हा जा. फक्त बोटीवर चढशील त्याच दिवशी एक गोष्ट विचारून घे. लिफ्ट बंद झाल्या तर सातव्या डेकवरून, म्हणजे बोटीच्या सातव्या मजल्यावरून, तुला खाली कोण आणणार, कुठल्या जिन्याने, आणि कशावर बसवून?

केबिनबद्दल माझं काही म्हणणं नाही. अथर्वने मला मोबाइलवर सगळं दाखवलं. साध्या केबिनचं दार तेवीस इंचांच्या आसपास असतं, त्यात तुझी चाकांची खुर्ची शिरायचीच नाही. तू घेतलीस तिचं दार बत्तीस इंच. न्हाणीला उंबरा नाही, शॉवरखाली घडीचं बाकडं, धरायला दांडे. अशा केबिनी कुठल्याही बोटीवर मोजक्याच, म्हणून तू इतकी आधी पकडून ठेवलीस. बरं केलंस. रात्री खुर्ची कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, आग लागली तर वाट अडते म्हणून. ती पलंगाला लावूनच ठेव, हात लांबवला की लागली पाहिजे. पण केबिनचं दार उघडून बाहेर आलीस की पुढे काय? भोंगा वाजला की लिफ्ट वापरायची नाही. जमायची जागा खालच्या डेकवर, आणि मधे जिने.

पुढचं लिहिणार नव्हतो. तुझ्या यादीत सँतोरिनी दिसलं आणि मी तिथल्या समुद्राबद्दल वाचत गेलो. ५ एप्रिल २००७ ला त्याच बेटासमोर सी डायमंड नावाची प्रवासी बोट खडकावर आपटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाली. दीड हजारावर माणसं वाचली. दोघं सापडली नाहीत. फ्रान्सचे बापलेक होते, मुलगी सोळा वर्षांची. आईला हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

मग कोस्टा कॉन्कॉर्डिया या बोटीचंही वाचलं. १३ जानेवारी २०१२, इटलीच्या किनाऱ्याला, बत्तीस माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा संकटात कुठे जमायचं त्याचा सराव व्हायचा बाकी होता. तेव्हापासून नियम बदलला, आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या सराव घ्यावाच लागतो. तो चुकवू नकोस, केबिनमधल्या टीव्हीवर बघून भागवू नकोस. मदत लागणाऱ्या प्रवाशांची यादी असते, तिच्यात तुझं नाव आहे का ते स्वतः बघ. जिन्यावरून खाली सरकत नेतात अशी एक घडीची खुर्ची बोटीवर असते. ती कुठे टांगलेली आहे ते दाखवायला लाव आणि एकदा तिच्यात बसून बघ. त्यात बसलीस म्हणून तुला कुणी उचललं असं होत नाही गो.

सँतोरिनीला मोठ्या बोटीला धक्का नाही. ती बाहेर उभी राहते आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटी माणसं किनाऱ्याला नेतात. वर गावात जायला केबलकार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. हे वाचलं आणि मला आपली कोकणसेवक बोट आठवली. मालवणात ती अशीच बाहेर उभी राहायची, पडाव, म्हणजे छोट्या होड्या, जाऊन माणसं आणायचे. माझी आत्या गुडघ्यांनी अधू, तिला दोन खलाशांनी काखेत हात घालून वरून खाली पडावात सोडलेली मी लहानपणी पाहिलीय. लुगडं सावरता सावरता रडत होती. तिला लागलं कुठेच नव्हतं, चारचौघांदेखत असं सोडलं म्हणून रडत होती.

टेंडर धक्क्याला लागली तरी स्थिर राहत नाही. दोन्ही दोर बांधले तरी हात-दोन हात वर-खाली होतेच. इथल्या जेटीवर आम्ही होडीवाले काय करायचो, लाटेने होडी वर आली, तिचा काठ आणि पायरी एका पातळीत आली, की नेमक्या त्या वेळी माणसाच्या कोपराखाली हात घालून "चला" म्हणायचं. क्षणभर उशीर झाला की पाय फटीत. चालत्या माणसाची ही गत, मग चाकांची खुर्ची घेऊन ते कसं करतात ते आधी विचार. काही बोटींवर टेंडरला सपाट फळी आणि लिफ्ट असते, काहींवर प्रवाशाला दोन पावलं तरी टाकता यावी लागतात. खलाशांनी उचलायचं नाही असाही बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो. शेवटचा शब्द त्या दिवशी कप्तानाचा. ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी म्हणून उत्तरेचा वारा सुटतो, त्याने समुद्र उसळतो. कप्तान नाही म्हणाला तर भांडू नकोस, गप डेकवर बस.

गप बस म्हणालो खरा. तुला जेटीवर बसलेली मी पाहिलीय. आधी मी तुला खांद्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात न्यायचो. माझे केस मुठीत धरून तू दूधबाव, दहीबाव, साखरबाव तिन्हींत वाकून बघायचीस, आणि शिवराजेश्वराच्या देवळात तुला माझ्या खांद्यावरून उतरायचंच नसायचं. मग आठवीत शाळेची सहल निघाली आणि तू सगळ्या मुलींसमोर म्हणालीस, मला उचलू नका. पायांचे कॅलिपर सोडून बाजूला ठेवलेस आणि पुस्तक काढलंस. पोरं परत येईपर्यंत मी होडीच्या फेऱ्या मारत होतो, आणि प्रत्येक फेरीला तू तिथेच. पान उलटलेलं मला एकदाही दिसलं नाही. त्या दिवशी जेटीला एक फळी जरी नीट असती तरी तू आली असतीस.

त्याच हट्टाने तू बँकेच्या दारात रॅम्प करून घेतलास. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्याची पानं छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलीस आणि उत्तर येईपर्यंत उठली नाहीस. आई हे अजून बाजारात सांगते, कोळणीलाही माहीत आहे. मग बोटवाल्यांसमोर कशाला संकोच करायचा? तुझी बोट ग्रीसच्या पिरेअस बंदरातून सुटते, म्हणजे युरोपचा २०१० चा ११७७ क्रमांकाचा नियम तिला लागू. चढता-उतरताना आणि बोटीवर लागणारी मदत फुकट मिळाली पाहिजे, मात्र किमान ४८ तास आधी कळवलेलं हवं. त्यांच्या हलगर्जीने खुर्ची मोडली तर भरपाई त्यांनी द्यायची. सुरक्षेचं खरं कारण असल्याशिवाय किंवा बोटीची बांधणीच तशी असल्याशिवाय अपंग म्हणून नाकारता येत नाही. मैत्रिणीला फोन करायला लावू नकोस. तू कर, आणि लेखी घे. त्यातच जिन्याचंही विचार.

बघ, पुन्हा जिन्यावर आलो. रागावू नको. चाळिशीच्या लेकीला बापाने असं बजावत राहू नये, कळतं मला. कालच्या फोनपासून मात्र डोळ्यांसमोर तो सातवा डेकच आहे. तू फोन ठेवलास तेव्हा मला असं म्हणायचं होतं की तुला कोण उचलेल हे मी विचारत नाहीय. तुला खाली नेणं हे त्यांच्या कामाच्या यादीत लिहिलेलं आहे की नाही, एवढंच मला ऐकायचंय. लिहिलेलं असेल तर मला झोप येईल.

आई म्हणते, "तिका सांगा, गोळ्यो घेतल्याबिगर बोटीर चढू नको." आमसुलं आणि आल्याच्या वड्या दादाबरोबर पाठवल्यात. दादाशीही नीट बोल, त्याला वाईट वाटलंय.

पिरेअसला बोटीवर चढलीस की फोन कर. आधी जिना कुठला ते सांग, मग बेटांचं.

तुझा,
बाबा

ता. क. : खुर्चीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कड्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत मोजलीस ना? हाताने ढकलताना बोटांची पेरं आणखी बाहेर येतात, ती दाराच्या चौकटीला घासतात. आपल्या घरच्या मधल्या दाराला तुझा हात सोलवटला होता. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच जास्त धर आणि केबिनचं दार नक्की किती इंच, ते त्यांच्याकडून टेप लावून मोजून घे.